आठवणींची वही आणि घरची कात्री

मराठीत आज आत्मचरित्रांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो वाचनीय आत्मचरित्रांचा. घरातील वडीलधारा गृहस्थ पंचाहत्तरीच्या उंबरठ्याशी आला की त्याच्या आठवणींची वही बाहेर निघते. मुले आपसांत खर्च वाटून घेतात, छापखाना गाठला जातो, आणि सत्काराच्या दिवशी शाल-श्रीफळाचा सोहळा आटोपल्यावर निमंत्रितांच्या हाती एकेक प्रत पडते. ती पुढे कोणी उघडल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. वाचकांची अभिरुची खालावली, असे लेखक म्हणतो. लेखकाला लिहिता येत नाही, असे टीकाकार म्हणतो. आमच्या मते दोष या दोघांच्याही दाराशी नाही. तो वही आणि छापखाना यांच्या मधल्या वाटेवर घडतो. त्या वाटेवर वहीला कात्री लागते. ती लागलीच पाहिजे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो ती कोणाच्या हाती असते आणि कशावर चालते याविषयी.

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. आम्ही राहतो ते कन्हान हे नागपूरपासून फार दूर नसलेले, नदीच्या नावानेच ओळखले जाणारे गाव. पलीकडच्या काठाला कामठी, मध्ये नदी, एका अंगाला हावड्याकडे जाणारा लोहमार्ग आणि आसपास कोळशाच्या खाणी. येथील आमचे एक स्नेही सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. गेल्या वर्षी त्यांनी पाच वह्या आमच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "पाहा जरा, छापण्याजोगे आहे का." सहाशेहून अधिक पाने होती. आम्ही ती सारी वाचली, आणि खरे सांगावयाचे तर चारशे पाने केवळ स्नेहापोटी वाचली. पहिली नेमणूक, दुसरी बदली, तिसरी बढती. कोणत्या साहेबाने पाठीवर थाप मारली, निरोपसमारंभास अध्यक्ष कोण होते, कोणकोण बोलले, हाराचा मान कोणास मिळाला. एखाद्या कचेरीच्या दप्तरातही यापेक्षा अधिक जिवंतपणा आढळावा!

परंतु दुसऱ्या वहीत एक पान होते, आणि त्यावर निळ्या शाईची उभी रेघ मारलेली होती. रेघेखालचा मजकूर वाचता येत होता. लिहिले होते की, बाप लवकर गेला, घरात जळण नसे, आणि माय आगगाडीच्या रुळांकाठी पडलेला कोळसा वेचून टोपलं भरून आणी. एवढेच, चार-पाच ओळी. ही रेघ कोणी मारली म्हणून विचारले, तेव्हा स्नेही खाली पाहत म्हणाले, "मुलाने. सूनबाईचेही तेच म्हणणे आहे. नातीच्या लग्नाचे दिवस आहेत. व्याही मंडळी वाचतील. काय गरज आहे, म्हणतात." पुढे पाहिले तर आणखीही रेघा दिसल्या. चुलत्याच्या दारूवर एक, स्वतःच्या मॅट्रिकमधील नापाशीवर एक, आणि मधल्या काळात बायकोशी दोन महिने अबोला धरला होता त्यावर एक. हाराच्या मानावर मात्र कोणीही रेघ मारलेली नव्हती.

वाचकहो, हा प्रकार एका घरचा असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु आपण सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबांची ही सार्वत्रिक रीत होऊन बसली आहे. नागपूर शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी आमच्या या नदीतून जाते, आणि ते गाळून शुद्ध करून जाते. गाळणीचे काम एकच, गाळ मागे ठेवणे आणि पाणी पुढे जाऊ देणे. आमच्या घरोघरच्या गाळणीचा धर्म नेमका उलटा आहे. ती पाणी अडविते आणि गाळ पुढे पाठविते. जे सोसले, जे चुकले, ज्याची लाज वाटली, ते घरात अडते. जे मिरविले, ते छापून बाहेर पडते. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे की, आठवणींच्या वहीतून आपण जे कापतो ते ठेवले पाहिजे, आणि जे ठेवतो ते बहुतेक सारे कापले पाहिजे.

कोणी म्हणेल, हे एका टीकाकाराचे लहरी मत आहे. तर मग आपल्या भाषेत जी आत्मचरित्रे टिकली ती कशामुळे टिकली, हे पाहू. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली निघाला. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि शाळेचे म्हणावे असे शिक्षण त्यांना कधीच मिळाले नव्हते. त्यांच्या घरी आजच्यासारखी कात्री चालली असती तर काय उरले असते? सोवळ्याच्या वेडापायी घर हैराण करणारे वडील गेले असते, कारण ते वडील. घरची चिंता न करता हातचा पैसा उधळून मोकळे होणारे पतिराज गेले असते, कारण ते प्रख्यात कवी. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी धर्मांतर केल्यावर पतिपत्नींची काही वर्षे झालेली ताटातूट गेली असती, कारण ती घरची खाजगी गोष्ट. आणि स्वतः लक्ष्मीबाईंचा भाबडेपणा, हट्ट आणि फजिती गेली असती, कारण चारचौघांत आपले हसे कशाला? उरली असती ती एका मान्यवर धर्मोपदेशकाची गौरवगाथा, आणि ती आज कोणी उघडली नसती. ज्या गोष्टींवर आपण रेघ मारली असती, नेमक्या त्या गोष्टींसाठी महाराष्ट्र ते पुस्तक पिढ्यानपिढ्या वाचीत आहे.

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० सालच्या. त्या पुस्तकाइतकी पतिभक्ती दुसऱ्या कोणत्या मराठी पुस्तकात असेल, याची आम्हांस शंका आहे. तरीही त्या पतिव्रतेने घरातील बायकांनी आपल्या शिकण्यापायी केलेला छळ लपविला नाही, आणि न्यायमूर्तींच्या अबोल्याने झालेली मनाची तगमगही लपविली नाही. म्हणूनच न्यायमूर्ती तेथे सभेतल्या पुतळ्यासारखे उभे न राहता घरात वावरणारे मनुष्य दिसतात, आणि त्यांच्याविषयीचा आदर कमी न होता वाढतो. महाराष्ट्राबाहेर दृष्टी टाकली तरी हाच अनुभव येतो. गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग' १९२५ पासून 'नवजीवन' साप्ताहिकातून क्रमाने लिहिले. त्यात वडिलांच्या अखेरच्या क्षणी आपण त्यांच्याजवळ नव्हतो, विषयवासनेने आपल्याला दूर नेले होते, हे त्यांनी साऱ्या देशापुढे लिहून ठेवले. जिनीव्हाच्या रूसोने तर तारुण्यात आपण एक रिबन चोरली आणि तो आळ एका गरीब मोलकरणीवर ढकलला, हे लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर, १७८२ साली, ते जगापुढे आले. रूसोचे इतर गुणदोष काही असोत, ती रिबन अडीचशे वर्षांत विसरली गेलेली नाही.

येथे दुसरा एक पक्ष पुढे सरसावतो. तो म्हणतो, मग वहीला हातच लावू नका. जसे उतरले तसे छापा. पहिल्या उमाळ्यात आले तेच खरे. हे मत ऐकावयास गोड आहे, परंतु ते आळसाचे आहे. पहिल्या उमाळ्यात सत्य येते हा समजच भ्रामक होय. पहिल्या उमाळ्यात येते ते वर्षानुवर्षे पाहुण्यांना सांगून सांगून गुळगुळीत झालेले. खरी गोष्ट तिच्याखाली दडलेली असते, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या लेखनात, पुष्कळदा लेखकाच्या इच्छेविरुद्ध, वर येते. तेव्हा संस्कार हवाच. पण संस्कार म्हणजे भाषेला इस्त्री करणे नव्हे.

या इस्त्रीचे एक उदाहरण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात कायमचे लक्षात ठेवावे असे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला; मिळविलेले पुनःपुन्हा लुटले गेले; अखेरीस आईबापांसाठी गंगेचे पाणी घेऊन हा भिक्षुक घरी परतला. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली, आणि वैद्यांनी ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली प्रसिद्ध केली. वैद्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यावाचून ही वही कदाचित कोठेतरी वाळवीच्या मुखी पडली असती. परंतु वैद्यांनी भटजींची भाषा आपल्या काळाच्या शिष्ट वळणावर आणली आणि काही मजकूर गाळला. परिणाम काय झाला? सुमारे साठ वर्षांनी, १९६६ साली, दत्तो वामन पोतदारांना मूळ हस्तलिखितावरून भटजींचा स्वतःचा मजकूर पुन्हा छापावा लागला. एका विद्वानाने जे परीटघडीचे केले ते दुसऱ्या विद्वानाला पुन्हा उलगडावे लागले. वैद्यांसारख्या व्यासंगी पुरुषाच्या हातून हे झाले. मग शब्दामागे दाम घेऊन हस्तलिखिते 'सुधारून' देणाऱ्या आजच्या हौशी पंडितांकडून काय अपेक्षा करावी?

आमच्या स्नेह्यांच्या वह्या अशाच एका पंडिताकडे जाऊन आल्या होत्या. त्याने जागोजागी 'माय' खोडून 'मातोश्री' केले होते. 'टोपलं' शुद्ध करून 'करंडी' केली होती. एका ठिकाणी शेजारीण म्हणते, "तुयी माय कोयसा वेचाले गेली." त्याचे त्याने "तुझ्या मातोश्री कोळसा गोळा करण्यास्तव गेल्या आहेत" असे रूपांतर केले होते. रुळांकाठी वाकून कोळसा वेचणारी बाई एका खोडणीसरशी मातोश्री झाली, आणि त्याच क्षणी ती पानावरून नाहीशी झाली. लेखकाचे निवेदन प्रमाण मराठीत असावे, याला आमची हरकत नाही. पण माणसांच्या तोंडचे शब्द ही लेखकाची मालमत्ता नसून त्या माणसांची ठेव आहे. तीत अफरातफर करण्याचा अधिकार कोणासही नाही.

मग वहीचे पुस्तक करावयाचे म्हणजे करावयाचे काय? उपाय कष्टाचे आहेत, गूढ नाहीत. प्रथम, लिहून झालेली वही चार-सहा महिने कुलपात ठेवावी. ताजे लिखाण ताज्या भाकरीसारखे सर्वच चांगले लागते. शिळे झाले म्हणजे कोठे करपले ते कळते. नंतर ती मोठ्याने वाचावी, आणि ज्याचा आपल्याशी नात्याचा किंवा कचेरीचा संबंध नाही अशा मनुष्यापुढे वाचावी. तो कोठे जांभई देतो आणि कोठे "मग?" म्हणून विचारतो, याची पानाच्या कडेला खूण करावी. प्रकाशक पाहतो तेही याहून वेगळे नसते. या गृहस्थाला न ओळखणारा मनुष्य हे पुस्तक विकत घेऊन शेवटपर्यंत वाचील काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

तिसरे, आपल्या आयुष्यातील एक प्रश्न हुडकावा. आयुष्य जन्मापासून आजपर्यंत लांबते म्हणून पुस्तकानेही तसेच लांबावे असा नियम नाही. वसंत मून यांचे 'वस्ती' हे १९९५ सालचे पुस्तक आमच्या नागपूरचेच. मून हे शासकीय अधिकारी होते, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचे संपादक होते. बदल्या आणि बढत्या यांवर त्यांनाही दोनशे पाने भरता आली असती. त्यांनी आपल्या पुस्तकाला नाव दिले ते स्वतःचे नव्हे, वस्तीचे. म्हणून त्या पानांत एका मनुष्याबरोबर एक अख्खा समाज उभा राहतो. ज्या प्रसंगाचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही तो कितीही मानाचा असला तरी खुशाल गाळावा. नोकरीची तीस वर्षे तीन पानांत मावतात. बाप वारल्याची रात्र तीन पानांत मावत नाही.

चौथे, स्मरणाची झडती घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तक, जुनी पत्रे, खरेदीखते, गावातील म्हातारी माणसे, यांच्याशी आपली आठवण ताडून पाहावी. जेथे मेळ बसत नाही तेथे आठवण गुपचूप दुरुस्त करू नये. मला असे आठवते आणि कागद असे सांगतो, हे दोन्ही लिहावे. वाचक चुकीला क्षमा करतो, चलाखीला करीत नाही. आणि शेवटी, प्रत्येक प्रकरणावर एक कठोर प्रश्न लावावा. येथे मी कोणाचा सूड घेत आहे काय? येथे मी स्वतःची आरती ओवाळीत आहे काय? उत्तर होय असे आले की कात्री चालवावी, आणि ती दुसऱ्याने नव्हे, लेखकाने स्वतः.

आता घरच्या मंडळींच्या आक्षेपाकडे वळू. कारण तो सर्वस्वी पोकळ नाही. त्यांचे म्हणणे असे की, लेखकाला आपले वाटेल ते लिहिण्याचा हक्क असेल, पण त्याच्या पानांत इतरांचीही अब्रू गुंतलेली असते. जिवंत माणसांना त्याचा त्रास होतो आणि मेलेल्यांना उत्तर देता येत नाही. यात तथ्य आहे, आणि आम्ही ते मान्य करतो. बहिणीने विश्वासाने सांगितलेले गुपित, मित्राच्या घरातील भानगड, सुनेचे आजारपण, या दुसऱ्याच्या ठेवी आहेत. त्या विचारल्यावाचून बाजारात मांडणे हा दरोडा होय. परंतु दुसऱ्याचे गुपित आणि स्वतःची लाज यांत भेद आहे. पहिल्यावर लेखकाचा हक्क नाही. दुसरीवर कुटुंबाचा हक्क नाही. आणि आपल्याकडे बहुधा घडते ते असे की, पहिल्याचे निमित्त करून दुसरी दडपली जाते.

या दडपणाखाली किती वह्या मेल्या असतील, याची मोजदाद कोण करणार? फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आपली वही घरच्यांच्या नजरेआड सुमारे वीस वर्षे लपवून ठेवली. १९८२ साली ती 'स्त्री' मासिकातून येऊ लागली आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तकरूप झाली, म्हणून आपल्याला ठाऊक झाली. जिला वही लपवावी लागली त्या बाईचे पुस्तक आज अनेक भाषांतून वाचले जाते. आणि ज्यांना वही लपवावी लागत नाही ते आपण सुखवस्तू लोक स्वतःहून ती फाडून टाकतो!

आमच्या स्नेह्यांची हकीकत अपुरी ठेवून चालणार नाही. निळ्या रेघेचे ते पान आम्ही त्यांना परत दिले आणि म्हणालो, "ही रेघ राहू द्या वा पुसा, पण त्याआधी एवढे सांगा, तुम्ही तिला कोळसा वेचताना पाहिले होते काय?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, पाहिले होते. ते कामठीच्या शाळेत जात. एका संध्याकाळी चार वर्गमित्रांबरोबर परत येताना रुळांच्या कडेने माय समोरून आली. डोक्यावर टोपलं, हात कोपरापर्यंत काळे. एका मुलाने विचारले, "ही कोण रे?" आणि त्यांनी मान दुसरीकडे वळविली. माय ओळख न दाखविता तशीच पुढे निघून गेली. घरी आल्यावर तिने त्याविषयी एक अक्षर काढले नाही, भाकरी वाढली. साठ वर्षे झाली, ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

पाच वह्यांत, सहाशे पानांत, ही गोष्ट नव्हती. तेथे फक्त माय कोळसा वेचीत होती. मान वळविणारा मुलगा कोठेही नव्हता. आणि मुलाने रेघ मारली ती आजीची अब्रू राखण्यासाठी! आजीची अब्रू तेथे धोक्यात नव्हतीच. लेकरांसाठी रुळांकाठी वाकणे यात कोणत्या कुळाला बट्टा लागतो? लाज होती ती मान वळविणाऱ्याची, आणि ती त्याने स्वतःहून पत्करली तर तिच्यावर रेघ मारणारे आपण कोण?

स्नेह्यांनी ते पान नव्याने लिहिले आहे. 'माय' पुन्हा माय झाली आहे. बदल्या-बढत्यांची दोन वह्या पाने त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला काढली, आणि ती काढताना त्यांना दुःख झाले नाही असे नाही. मुलाने अजून होकार दिलेला नाही. पंचाहत्तरीचा दिवस जवळ येत आहे आणि घरात त्यावरून धुसफूस आहे. आम्ही त्या मुलाचे शत्रू नाही. आमचे त्याला, आणि अशा प्रत्येक घरातील मुलाला, सुनेला, जावयाला एवढेच सांगणे आहे की, निरोपसमारंभाचे वर्णन तुमची नात वाचणार नाही. ती वाचील ते पान ज्यात तिची खापरपणजी काळ्या हातांनी भाकरी वाढते आणि विचारीत नाही. वडिलांच्या वहीवर पेन्सिल चालविण्यापूर्वी ते पान त्यांनाच एकदा मोठ्याने वाचावयास सांगा, आणि ते वाचीपर्यंत समोर बसून राहा.